बिदागी, तिकीट आणि दाद

दशावतारी नाटकाला तिकीट लावावे की नाही, हा वाद सिंधुदुर्गात आता नवा राहिलेला नाही. देवळाच्या आवारात रात्रभर चालणारा दहीकाला, आमच्या मालवणीतला ‘धयकालो’, आजही होतो. पण त्याच्या जोडीला नाट्यगृहातले तीन तासांचे प्रयोग, निरनिराळ्या मंडळांतले निवडक नट एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’, ‘ट्रिकसीनयुक्त’ अशी जाहिरात करणारे महोत्सव आणि मुंबईतले तिकिटाचे प्रयोग हेही आता रूढ झाले आहेत. या बदलाविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, देवाच्या दारातली कला बाजारात जाऊन बसली. दुसरा म्हणतो, कलावंताला चार पैसे मिळू लागले, यात गळा काढण्यासारखे काय आहे? पहिल्या पक्षाला नटाचे पोट दिसत नाही आणि दुसऱ्याला तिकिटापलीकडचा प्रेक्षक दिसत नाही, असे आमचे मत आहे. पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न शेवटी प्रेक्षक कोण आहे या प्रश्नाशी जोडलेला आहे. तो वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या अंगणातलाच प्रश्न असल्यामुळे आम्ही मराठीचे अध्यापक त्यात पडतो आहोत.

आधी जुन्या व्यवस्थेचा हिशोब नीट मांडायला हवा. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. कुठल्या गावच्या जत्रेला कुठल्या मंडळाने जायचे, हे पुष्कळ ठिकाणी परंपरेने ठरलेले असते. तो त्या मंडळाचा मान. मंडळांची नावेही गावांवरून पडलेली : मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर, आजगावकर, वालावलकर. आमच्या वालावलला लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे, शेजारी तळे आहे आणि गावाचे नाव घेऊन रात्रीमागून रात्री परगावी उभे राहिलेले नट आहेत. कर्ली नदीच्या काठच्या या लहानशा गावाचे नाव कित्येकांच्या कानावर पहिल्यांदा पडले ते नकाशावरून नव्हे, तर आज कोणाचा काला आहे या प्रश्नाच्या उत्तरातून. गावाची आणि मंडळाची ही सांगड लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

जत्रेत प्रेक्षकाला तिकीट नसते. मंडळाला देवस्थानाकडून किंवा गावाकडून बिदागी मिळते. ती गावाच्या वर्गणीतून आणि देवाच्या उत्पन्नातून येते. शिवाय आरतीचे तबक फिरते, त्यात ज्याला जे जमेल ते पडते. एखादा प्रवेश रंगला तर कोणी उठून बक्षीस देतो आणि त्याचे नाव पुकारले जाते. ही व्यवस्था गोड वाटते, आणि तिच्यावर भावुक लेखनही उदंड झाले आहे. पण ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण याच व्यवस्थेने जन्माला घातली, हे विसरून चालणार नाही. ज्या नटाने रात्रभर इंद्राचे वैभव वागवले, तोच पहाटे रंग पुसून पेटारा उचलून पुढच्या गावाची वाट धरी. हंगाम संपला की शेतात राबे. फुकट बसणाऱ्या प्रेक्षकाच्या जागेची किंमत फेडली जात होती. ती नटाच्या शरीरातून फेडली जात होती, एवढेच.

ही जागा सर्वांना सारखी होती, असेही नाही. मानकऱ्यांची बैठक ठरलेली असे. बायका एका अंगाला बसत. जातीची उतरंड देवळाच्या पायरीपाशीच सुरू होई आणि काहींना आवाराबाहेरून, अंधारातूनच राजाचे दर्शन घ्यावे लागे. तेव्हा ‘पूर्वी सगळे एकत्र बसत’ असे सरसकट विधान करण्यापूर्वी आपण कोणाच्या जागेवरून बोलत आहोत, हे तपासावे. तिकीट विकत घेणाऱ्याला त्याची जात विचारली जात नाही, हा तिकिटाच्या बाजूचा फार मोठा मुद्दा आहे.

मराठी रंगभूमीच्या इतिहासातही तिकीट मुक्तिदाता म्हणूनच आलेले दिसते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली सांगलीत झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तशा प्रकारचे मराठी खेळ रचायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले, हे आपण दरवर्षी वर्गात सांगतो. त्यानंतरची गोष्ट मात्र घाईने उरकतो. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि राजाश्रय आटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. राजाच्या मर्जीवर उभे असलेले नाटक दहा वर्षांत अनोळखी माणसांच्या खिशावर उभे राहिले. ते तसे उभे राहिले नसते, तर पुढची नाटकमंडळी, संगीत नाटक आणि त्यातून घडलेला मराठी मध्यमवर्गीय रसिक, यांपैकी काहीही झाले नसते. कोकणी माणूस तिकीट काढत नाही, हेही खरे नाही. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगमंचावर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, ते तिकिटावरच. १२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘दशावतार’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा एका वृद्ध दशावतारी नटाच्या भूमिकेतल्या दिलीप प्रभावळकरांना पाहायला सिंधुदुर्गातली माणसे पैसे मोजूनच गेली. चित्रपटातल्या दशावताऱ्यासाठी जो पैसे देतो, त्याने प्रत्यक्षातल्या दशावताऱ्याकडून मात्र फुकटाची अपेक्षा करावी, यात नीतीची विसंगती आहे.

मग आमचा आक्षेप कशाला? तो समजण्यासाठी दशावतारात प्रेक्षक काय करतो, याकडे पाहावे लागेल. दशावताराला लिखित संहिता नाही. प्रयोगापूर्वी आख्यान ठरते, सोंगे वाटली जातात, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो. बाकी सर्व संवाद नट उभ्या उभ्या रचतात. सुरुवातीचा आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि विष्णू यांची सोंगे, सर्वांना पाठ असतो. त्यात काळ्या वेषातला, वेद चोरणारा संकासुर येतो आणि मालवणीतून बोलू लागतो. तो गावाला बोलतो. समोर बसलेल्या मानकऱ्याची, सरपंचाची, मुंबईहून आलेल्या पाहुण्याच्या बढायांची तो टोपी उडवतो. त्याला हे जमते, कारण त्याला समोरची माणसे दिसतात आणि त्यांच्याविषयी चार गोष्टी त्याने संध्याकाळी जेवताना ऐकलेल्या असतात. समोरूनही उत्तर येते. त्या उत्तराला पुन्हा उत्तर मिळते. अशा रीतीने जी संहिता त्या रात्री तयार होते, तिचे कर्तृत्व एकट्या नटाचे नसते. मौखिक परंपरेतला पाठभेद म्हणजे काय, हे ज्याला विद्यार्थ्यांना शिकवायचे आहे, त्याने एकच आख्यान दोन गावांत दोन रात्री पाहायला सांगावे. दोन्हींतला फरक नटांच्या मनःस्थितीपेक्षा त्या त्या गावामुळे अधिक पडलेला असतो.

भरताने हे फार पूर्वी ओळखले होते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. त्यातली मानुषी सिद्धी तो प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून मोजतो. तो प्रतिसाद वाणीचा आहे तसा शरीराचाही : स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’, हळहळ, अंगावरचा रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्र देणे, अंगठी काढून टाकणे. आम्हाला यातली शेवटची दोन अंगे महत्त्वाची वाटतात. वस्त्र आणि अंगठी ही दाद आहे. ती प्रयोग रंगल्यानंतर, रंगल्यामुळे दिली जाते. द्रव्य आणि रसास्वाद यांचे नाते भरताला अमंगळ वाटत नाही. फक्त त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी अनुभव, मग दान. तिकिटाने हा क्रम उलटतो. किंमत आधी चुकती होते आणि मग प्रेक्षक हात बांधून बसतो : दिलेल्या पैशाइतके मिळते की नाही ते पाहायला. जत्रेतला माणूस म्हणतो, ‘आज सोंग जमले नाही, पण रात्र बरी गेली.’ तिकिटातला माणूस म्हणतो, ‘पैसे वसूल झाले नाहीत.’ या दोन वाक्यांत दोन वेगळ्या रसिकता आहेत.

‘पैसे वसूल’ या अपेक्षेचे परिणाम प्रयोगावर दिसू लागले आहेत. वसूल झाल्याची खूण डोळ्यांना दिसावी लागते, म्हणून ट्रिकसीन : आकाशातून उतरणारे देव, उडणारी शस्त्रे, धूर आणि दिवे. एका लाकडी बाकड्याला सिंहासन मानणारी आणि दोन फेऱ्यांत अरण्य ओलांडणारी ही रंगभूमी आपल्याच प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीवर अविश्वास दाखवू लागली आहे. वेळ मर्यादित असल्यामुळे आडदशावतार बहुधा आखडला जातो, आणि त्याबरोबर संकासुराचा गावाशी चालणारा संवादही. ध्वनिक्षेपकावर रात्री दहानंतर बंधने घालणारे २०००चे नियम आल्यापासून वेळेचे गणित आणखी बदलले. पायपेटी आणि मृदंग यांना ध्वनिक्षेपकाची मुळात गरज नव्हती. पण जमाव वाढला, शेजारी दुकाने आणि पाळणे आले, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय काहीच ऐकू येईनासे झाले. मंडपाच्या पुढच्या भागात सोफे आले. त्यावर प्रायोजक बसतात. ज्याच्या नावाचा फलक पाठीमागे लावलेला आहे, त्याची टोपी संकासुराने कशी उडवावी?

‘संयुक्त दशावतार’ या प्रकाराचाही येथे विचार करावा. उत्तम नट एकत्र पाहायला मिळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाबी नालंग, बाबी कलिंगण यांच्यासारख्या नटांसाठी माणसे कोसभर चालत जात, ती नटाच्या ओढीनेच. पण एकमेकांच्या सवयी ठाऊक असलेल्या नटांतच उत्स्फूर्त संवादाची देवाणघेवाण खुलते. निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले नामवंत एका रात्रीपुरते उभे केले की प्रत्येक जण आपापले टाळीचे वाक्य घेऊन येतो. आणि मंडळाच्या नावातले गाव तेवढ्यापुरते गळून पडते.

खर्चाची दुसरी बाजू फुकट म्हणवणाऱ्या जत्रेतही आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा चाकरमान्याला गाव जवळ आले. आज आंगणेवाडीच्या किंवा सोनुर्लीच्या जत्रेला मुंबईहून सहकुटुंब यायचे तर मोडलेली रजा, न मिळणारे आरक्षण, भाड्याची गाडी आणि घर बंद असेल तर राहण्याची सोय, असा हिशोब करावा लागतो. देवळाच्या आवारात जागेला पैसे पडत नाहीत, पण त्या आवारापर्यंत पोचायला पडतात. मग जो येतो तो तासभर उभा राहतो, मोबाइलवर थोडेसे टिपून घेतो आणि गाडी सुटण्यापूर्वी निघतो. पहाटे दहीहंडी फुटताना जागे असलेले प्रेक्षक मोजके असतात. घरी बसून अख्खा प्रयोग यूट्यूबवर पाहणारे मात्र पुष्कळ असतात. ही सोय आजारी आणि परगावच्या माणसांना मोलाची आहे. परंतु पडद्यापलीकडच्या प्रेक्षकाला संकासुर बोलू शकत नाही.

हे केवळ आमच्या लाल मातीतले दुखणे आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा दाखला येथे उद्बोधक ठरेल. दूरचा असला तरी त्याचे मूळ आमच्यासारखेच आहे : स्थानिक नाव मिरवणारा संघ आणि त्या नावामागे उभा राहणारा समाज. १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांतल्या सामन्यापासून हा इतिहास मोजतात. आज मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि गावकरी यांचा हा शनिवारचा उत्सव. पण १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दूरचित्रवाणीचे हक्क मोकळे झाले आणि पुढे सामना कधी सुरू व्हावा, मध्ये किती वेळ थांबावा, हे वाहिन्यांच्या सोयीने ठरू लागले. चांगल्या जागेचे हंगामी तिकीट घेण्यापूर्वी विद्यापीठाला देणगी देण्याची अट अनेक ठिकाणी आली. इतका पैसा वाहत असताना खेळाडूंना मात्र ‘हौशी’ म्हणवून वेतन नाकारले जात होते. २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर कमाई करता येऊ लागली आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली. हा न्याय उशिरा झाला, पण झाला. त्याचा भार कोणावर पडला? टेनेसी विद्यापीठाने २०२५च्या हंगामी तिकिटांवर दहा टक्क्यांचा आकार बसवला आणि त्याला नाव दिले ‘टॅलेंट फी’. म्हणजे जोवर खेळाडू फुकट होता, तोवर उत्पन्न इतरांनी वाटून घेतले. त्याचे देणे द्यायची वेळ आली, तेव्हा बिल प्रेक्षकाच्या हातात गेले.

मुंबईच्या क्रिकेटचा अनुभव याहून निराळा नाही. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे तेहतीस हजार जागांपैकी जेमतेम चार हजार तिकिटे सर्वसामान्यांना विकत घेण्यासाठी होती. बाकीच्या जागा संस्थांच्या आणि क्लबांच्या वाट्याला गेलेल्या होत्या. पैसे असूनही जागा नाही, ही अवस्था महाग तिकिटाच्याही पुढची आहे. ज्या शहराने हा खेळ मैदानामैदानांतून वाढवला, त्याचाच सामान्य रसिक भिंतीबाहेर राहिला.

या दाखल्यांवरून आम्ही एक निष्कर्ष काढतो. कलावंताला योग्य पैसा मिळालाच पाहिजे. परंतु तो पैसा जागेची किंमत लावूनच उभा करावा लागतो, हे गृहीतक तपासले पाहिजे. गावाने एकत्रितपणे देणे आणि प्रत्येकाने आपापल्या खुर्चीपुरते देणे, यांत मूलभूत भेद आहे. वर्गणी देणारा म्हणतो, नाटक आमच्या गावचे आहे. तिकीट काढणारा म्हणतो, ही खुर्ची माझी आहे. जुन्या व्यवस्थेत वर्गणी होती, पण ती तुटपुंजी होती आणि मानपानाने बरबटलेली होती. तिचा दोष तिच्या सामूहिकतेत नव्हता. गावाच्या कृपणपणात होता. ज्या गावात मंडप, रोषणाई, ध्वनियंत्रणा आणि फटाके यांवर हात सैल सुटतो, तिथे बिदागीच्या वेळीच परंपरेची आठवण व्हावी, हे शोभत नाही. एका नाइटचा आकडा वाढल्याचे सांगितले जाते, तेव्हा त्यातला किती ट्रिकसीनला, किती मंडपाला आणि किती नटाच्या हातात गेला, हे विचारण्याची सवय गावाने लावून घ्यावी.

तेव्हा आमचे म्हणणे असे. जत्रेतली जागा खुली राहावी. मात्र बिदागी आधी ठरावी, लेखी ठरावी आणि गावाने ती कर्तव्य म्हणून द्यावी. रंगमंचासमोरची पहिली जागा सोफ्यांसाठी न राखता जमिनीवर बसणाऱ्यांसाठी ठेवावी, मग ते कोणत्याही जातीचे, कोणत्याही वाडीतले असोत. नाट्यगृहात तिकीट खुशाल लावावे, पण तिथेही आडदशावतार कापू नये आणि प्रेक्षागृहातले दिवे थोडे जागे ठेवावेत, म्हणजे नटाला समोरचा माणूस दिसेल. महाविद्यालयांनी लोकसाहित्याच्या तासाला चित्रफिती दाखवून समाधान मानू नये. विद्यार्थ्यांना वर्षातून एक रात्र पुरी जागवावी, आणि त्या रात्रीचे संवाद उतरवून काढायला सांगावे. पाच-सात वर्षांत एकाच आख्यानाचे कितीतरी पाठ हाती येतील. जिथे संहिताच नाही, तिथे ते उतारे आमच्या विषयाचे मोठे धन ठरतील. आणि त्या कामासाठी मंडळाला मानधन द्यायला महाविद्यालयाने लाजू नये.

यावर आक्षेप येईल, की रात्रभर बसायला आता कोणाला सवड आहे? प्रेक्षक बदलला, तर कलेने बदलावे. कला बदलतेच, दशावतारही बदलत आला आहे आणि नाटकमंडळ्यांकडून त्याने पुष्कळ काही उचलले आहे. सवडीचा प्रश्नही खोटा नाही. पण सवड नसणे आणि सवडीची किंमत न वाटणे, यांत अंतर आहे. अभ्यासक म्हणवणाऱ्याने निदान ते अंतर ओळखावे. आपण कादंबरीची पाचशे पाने वाचायला सांगतो, तेव्हा विद्यार्थ्याच्या वेळेची क्षमा मागत नाही. कारण त्या वेळेतच वाचक घडतो, असे आपण मानतो. दशावताराचा प्रेक्षकही तसाच रात्रीच्या लांबीत घडतो. पहिल्या प्रहरी तो येतो तेव्हा पाहणारा असतो; पेंगत, जागत, चहा पीत, शेजाऱ्याला कोण कोणाचे सोंग घेऊन आला आहे ते सांगत पहाटेपर्यंत तो त्या आख्यानातला एक होतो. हे घडायला लागणारा वेळ तिकिटाने विकत घेता येत नाही आणि फुकट वाटूनही देता येत नाही. तो प्रत्येकाला स्वतःच द्यावा लागतो.

पुढच्या कार्तिकात गावोगावी जत्रांच्या बैठका बसतील आणि खर्चाचा कागद मांडला जाईल. त्या कागदावर नटाची बिदागी पहिल्या ओळीत लिहिली जावी, रोषणाई नंतर. आमच्यासारखे शिकलेसवरलेले लोक त्या बैठकांना सहसा जात नाहीत. चर्चासत्रांत लोककलेच्या ऱ्हासावर निबंध वाचतात. या वर्षी निबंध थोडा बाजूला ठेवून बैठकीला जावे, असे आम्ही आमच्या व्यवसायबंधूंना सुचवतो.